तात्पुरती ओळ

नूतन खोब्रागडेने ती ओळ फोनवर सांगितली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते, आणि तिकडे कोसमीटोल्याच्या उपकेंद्रात साडेदहाला फीत कापायची होती.

"सुरूच नाई होऊन राह्यलं," आदेश बोरकुटे पलीकडून दबक्या आवाजात बोलत होता. "चित्रावर क्लिक केलं का पांढरी खिडकी येते अन् गायब होते. साहेब गाडीतून उतरून राह्यले. काहीतरी सांग लवकर."

आदेश म्हणजे कंपनीचा मालक. चंद्रपुरात तुकूमला एका घराच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. सहा माणसं, सात कॉम्प्युटर आणि उन्हाळ्यात टाकीसारखं तापणारं पत्र्याचं छत. गडचिरोली जिल्ह्यातल्या तेवीस उपकेंद्रांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या तपासणीच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचं काम या कंपनीला मिळालं होतं. त्यासाठी 'नोंद' नावाचा प्रोग्राम तयार केला होता. तो लिहिला दुसऱ्यांनी. त्याचं पॅकेज बांधायचं काम नूतनकडे होतं. म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच फाइलमध्ये असं भरायचं, की ती फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर नेऊन टाकली की प्रोग्राम चालू व्हावा.

"काळी खिडकी उघडा आणि तिथून चालू करा," नूतन म्हणाली. "काय लिहून येते ते वाचा."

आदेशने अडखळत वाचलं. होम फोल्डर सापडत नाही, असं काहीतरी होतं.

नूतनला लगेच समजलं. कॉम्प्युटरवर प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाचा एक फोल्डर असतो, त्याला होम म्हणतात, आणि तो कुठे आहे हे कॉम्प्युटरने एका ठिकाणी लिहून ठेवलेलं असतं. प्रोग्राम सुरू झाला की आधी तो पत्ता वाचतो आणि आपल्या सगळ्या वस्तू तिथे नेऊन ठेवतो. पॅकेज बांधताना मात्र तिथे वापरणारा कोणीच नसतो. बांधणारं यंत्र मुद्दामच होमच्या जागी अस्तित्वात नसलेला पत्ता देतं. बांधणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरातलं काही चुकून पॅकेजमध्ये जाऊ नये म्हणून. 'नोंद'ला हे चालायचं नाही. तो बांधतानाही होम मागायचा आणि मिळाला नाही की अडून बसायचा. म्हणून नूतनने बांधणीच्या कृतीत एक ओळ घातली होती: तात्पुरत्या फोल्डरात एक रिकामी जागा कर आणि तिलाच होम समज. बांधणी संपली की ती जागा पुसली जायची. यात चूक काहीच नव्हती. या धंद्यातला कोणीही जाणता माणूस हेच करतो.

पण उपकेंद्रातल्या लॅपटॉपवर वेगळंच झालं होतं. तेवीस लॅपटॉप घाईघाईत एकाच साच्यावरून भरले होते. त्यात वापरणाऱ्याचं खातं उघडलेलं होतं, त्याचा होम फोल्डर मात्र कोणी बनवलाच नव्हता.

तो बनवायला आणि त्याची मालकी त्या खात्याला द्यायला चार आज्ञा लागल्या असत्या. आदेशला त्यातली एकही धड टाइप करता आली नसती. बांधणीतली ती ओळ एकच होती.

"सुरुवातीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर मी सांगते ते टाका," नूतन म्हणाली, आणि एकेक अक्षर सांगत गेली. "पण हे आजच्यापुरतंच आहे, सर. याच्यानं सगळ्या नोंदी तात्पुरत्या फोल्डरात जातील. मशीन बंद झाली का तो फोल्डर पुसला जाते. उद्या मी बरोबर पॅकेज देते."

"दे ना, दे." मागे टाळ्या वाजायला लागल्या होत्या. "झालं चालू. बाप्पा! वाचवलंस."

त्याच दुपारी आदेशचा पुन्हा फोन आला. उरलेल्या बावीस लॅपटॉपवर संध्याकाळपर्यंत चालू झालं पाहिजे, माणसं गाड्या घेऊन निघाली आहेत, तीच ओळ टाकून पॅकेज पाठव. नूतनने पाठवलं. पॅकेजसोबत बदलांची टीप लिहावी लागते. तिने लिहिलं: 'होम तात्पुरत्या फोल्डरात वळवला आहे. पुढच्या आवृत्तीत काढायचं. नूतन खोब्रागडे.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बरोबर पॅकेज तयार होतं. ते टाकलं की होम फोल्डर आपोआप बनला असता, आधीच्या नोंदी उचलून त्यात ठेवल्या गेल्या असत्या आणि ती ओळ निघून गेली असती. तिने तीन कॉम्प्युटरवर तपासून पाहिलं आणि आदेशला मेल केला.

आदेशने ते पाठवलंच नाही. काम स्वीकारल्याच्या कागदावर जिल्ह्याच्या साहेबांची सही आदल्या दिवशीच्या आवृत्तीवर झाली होती. नवी टाकायची म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा सही.

"चालून राह्यलं ना?" तो म्हणाला. "मग काऊन हात लावते?"

तिने आठवड्याने पुन्हा मेल केला. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा तोंडी सांगितलं, तेव्हा तो सगळ्यांसमोर बोलला, "तुले काम करायचं आहे का काम बंद पाडायचं आहे?" बाकीचे आपापल्या पडद्यांकडे पाहत राहिले. त्यानंतर नूतनने तो विषय काढला नाही. काढायला पाहिजे होता, हे तिला पुढे कोणाला सांगावं लागलं नाही.

कोसमीटोला तिने पाहिलेलं होतं. फेब्रुवारीत ती तिथे शिकवायला गेली होती. तिथल्या आशा कार्यकर्त्या धुरपताबाई मडावी. वय पन्नासच्या आसपास, चौदा वर्षं हेच काम. गावात आणि आजूबाजूच्या पाच टोल्यांमध्ये, म्हणजे पाड्यांमध्ये, कोणाचं बाळंतपण कधी आहे, कोणाला ताप आहे, कोण दवाखान्याला घाबरून रानात जाऊन बसतो, हे सगळं त्यांना माहीत होतं. सिकलसेलच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब द्यायला लोक तयार नव्हते. रक्त नेऊन हे लोक काय करतात, असं विचारायचे. धुरपताबाईंनी एकेका घरी चार-चार खेपा घातल्या. पलीकडच्या टोल्यावरचा दसरू उसेंडी तर त्यांना अंगणातही येऊ द्यायचा नाही. त्याची नात दिव्यानी आठ-नऊ वर्षांची होती. तिचे हातपाय सुजायचे, रात्र रात्र कण्हायची. तिच्यासाठी त्याने शेवटी आपलं बोट पुढे केलं, आणि तो तयार झाला म्हणून अख्खा टोला तयार झाला.

धुरपताबाईंजवळ लांब पुठ्ठ्याची एक वही होती. प्रत्येक घराला एक पान. नूतनने त्यांना आपल्या लॅपटॉपवर नोंद करायला शिकवलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मंग वहीतबी लिवू का म्याडम? दोनीकडं?"

"कशाले दोनदा त्रास?" नूतन म्हणाली होती. "मशीन विसरत नाई, बाई."

वरून हुकूमही तसाच होता: कागद बंद. निकालाच्या चिठ्ठ्या नोंद झाल्यावर जमा करायच्या. जमा झालेल्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं ते कोणालाच सांगता आलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आदेशने तिला तिमाही अहवालासाठी आकडे काढायला सांगितलं. उपकेंद्रांमध्ये नेटवर्क नव्हतं, म्हणून दर महिन्याला कंपनीचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन फिरायचा, बटण दाबून नोंदींची फाइल उतरवून आणायचा आणि ऑफिसच्या कपाटात ठेवायचा. तिथे तेवीस पाकिटं होती आणि प्रत्येकात चार महिन्यांच्या चार फाइली. एकही कोणी उघडली नव्हती.

नूतनने पहिला पेनड्राइव्ह लावला आणि फाइलींचा आकार पाहिला. बावीस बाइट. चारही फाइली बावीस बाइटच्या. तिने दुसरा लावला, मग तिसरा. रिकाम्या झिप फाइलचा आकार बावीस बाइट असतो, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. नोंदी उतरवणारं बटण खऱ्या होम फोल्डरात पाहत होतं, जो नव्हताच. नोंदी होत्या तात्पुरत्या फोल्डरात. बटणाला काही सापडायचं नाही आणि ते गुपचूप रिकामी पेटी बांधून द्यायचं.

तिने आदेशच्या खोलीत जाऊन दार लावलं.

"काही केंद्रांतल्या नोंदी गेल्या असतील," ती म्हणाली. "मधात कधी ना कधी मशीन बंद झाली असेल तिथल्या. पण आपण त्यांना झाकण लावून ठेवायला सांगतलं होतं, बंद करायला नाई. जिथं मशीन एकदाही बंद नाई झाली, तिथं सगळं आहे अजून. फक्त कोणी बंद करू नये. मी उद्यापासून एकेका ठिकाणी जाते अन् उतरवून आणते."

आदेशने टेबलावरचा फोन उलटा ठेवला. मग म्हणाला, "नऊ केंद्रांवरच्या बायांना नोटिसा गेल्या आहेत मे महिन्यात. पाहणीला गेलेल्या साहेबांना पडद्यावर नोंदी शून्य दिसल्या, काम करत नाई म्हणून."

"त्यांनी केलं होतं काम."

"समजलं मले." त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. क्षणभर नूतनला त्याची दयाही आली. "सोमवारी बघू. तोवर कोणाजवळ बोलू नको."

ती गुरुवारची गोष्ट. शुक्रवारभर तो ऑफिसला आला नाही, फोनही उचलला नाही. शनिवारी सकाळी नूतन त्याला न विचारता निघाली. मूल गावावरून गडचिरोली, तिथून धानोऱ्याच्या बाजूची बस, पुढे काळीपिवळी जीप आणि शेवटचे चार किलोमीटर चिखलातून पायी. कोसमीटोलाच आधी गाठायचं तिने ठरवलं, कारण ते सगळ्यात आत होतं. तिथे कोणी मशीनला हात लावला नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती.

उपकेंद्राच्या ओट्यावर धुरपताबाई गोळ्यांची पाकिटं मोजत बसल्या होत्या. नूतनला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"म्याडम! इतक्या पावसात?"

"मशीन चालू आहे ना, बाई?" नूतनने चपलाही काढल्या नाहीत.

"चालू हाय ना जी. कालच बंद करून चालू केली. तुमच्या सायबाचा मेसेज होता."

"कोणता मेसेज?" नूतनने विचारलं. धुरपताबाईंनी कंबरेच्या पिशवीतून मोबाइल काढून दाखवला. सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर शुक्रवारी सकाळी आदेशने लिहिलं होतं: 'तांत्रिक अडचण आहे. सर्वांनी आपापली मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी. झाल्यावर अंगठा पाठवावा.' खाली अंगठ्यांची रांग होती. तात्पुरत्या फोल्डराचा पुरावाच त्याने सगळ्यांच्या हातून पुसून घेतला होता.

"इथी नेटवर्क नाई," धुरपताबाई सांगत होत्या. "रोज दुपारी टेकडीवर जातो मी, मेसेज पाहाले. कालबी गेली. लगेच येऊन बंद केली. अंगठा आजच्या खेपेत पाठवीन."

नूतनने आत जाऊन झाकण उघडलं. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, एकूण नोंदी: शून्य.

"आधी चारशे बारा दाखवत होती," धुरपताबाई मागून म्हणाल्या. "मले वाटलं सायबांनी वर ओढून घेतल्या."

नूतन तासभर शोधत राहिली. काही उरणार नाही हे तिला माहीत होतं; तात्पुरता फोल्डर लॅपटॉपच्या मेमरीत होता, डिस्कवर त्याचा ओरखडाही उमटलेला नव्हता. तरी ती शोधत राहिली, कारण मागे वळलं की सांगावं लागणार होतं. शेवटी तिने सांगितलं. मार्चमधला फोन, ती ओळ, कपाटातली पाकिटं. धुरपताबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"म्हंजे नाई येत परत?"

"नाई."

"एकबी?"

"एकही नाई, बाई."

 धुरपताबाई बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या. थोड्या वेळाने आत न पाहताच म्हणाल्या, "कागद असन तर काढा. मी सांगतो तसं लिवा."

त्यांनी गावाच्या खालच्या टोकापासून सुरुवात केली. डोळे मिटून त्या एकेका घरासमोर जात होत्या. ह्या घरचा बाप बरा, माय वाहक, धाकटा पोरगा वाहक. पुढच्या घरी कोणालाच नाही. काही घरांपाशी अडायच्या, ओठ हलवायच्या आणि म्हणायच्या, "नाई, खोटं नको लिवू. सोड हे घर." चार वाजेपर्यंत एकशे सत्तावीस नावं झाली. प्रत्यक्ष आजार असलेली सात माणसं होती, ती सातही त्यांना पाठ होती. दिव्यानी उसेंडीचं नाव त्यांनी सगळ्यात आधी घेतलं होतं. बाकीच्या दोनशे पंच्याऐंशी माणसांचं काय होतं ते आता कोणालाच माहीत नव्हतं.

निघताना नूतनने त्या मेसेजचा आपल्या मोबाइलवर फोटो काढून घेतला. त्या संध्याकाळी धुरपताबाई टेकडीवर गेल्या तेव्हा ग्रुपमधून तो मेसेज नाहीसा झालेला होता. आदेशने तो सगळ्यांच्या मोबाइलवरून काढून टाकला होता.

सोमवारी टेबलावर अहवाल तयार होता. दीड पान. 'काही केंद्रांवरील ऑपरेटरांनी यंत्र विहित पद्धतीने बंद न केल्यामुळे माहितीचे नुकसान झाले. प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही.' खाली दोन सह्यांची जागा होती: संचालक, आणि पॅकेज तयार करणारी व्यक्ती.

"ऑपरेटर म्हणजे आशा ताई," नूतन म्हणाली.

"नाव कोणाचंच नाई घेतलं."

"तुमचा मेसेज आहे माझ्याजवळ."

आदेश दचकला नाही. त्याने ड्रॉवरमधून एक छापलेला कागद काढला आणि अहवालाशेजारी ठेवला. तिची टीप. 'होम तात्पुरत्या फोल्डरात वळवला आहे.' खाली तिचं पूर्ण नाव.

"ही ओळ कोणाची आहे?" त्याने विचारलं. "पाठव तुझा फोटो. मी हे पाठवतो. लोक काय वाचतील ते तूच सांग. मी बंद करून चालू करा म्हटलं. अख्खी दुनिया तेच म्हणते. पण पेशंटच्या नोंदी पुसल्या जाणाऱ्या जागी ठेवायच्या, हे कोणी केलं?"

"मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून दिलं होतं."

"दिलं होतंस. मेल केलास. अन् मग गप बसलीस." तो आता शांतपणे बोलत होता. "नूतन, सहा घरं आहेत या ऑफिसवर. सही कर. तेवीस केंद्रांची पुन्हा तपासणी निघेल, ते कामही आपल्यालाच मिळेल. तू त्याची प्रमुख हो."

तिने दोन दिवस मागून घेतले.

दुर्गापूरला घरी तिचा बाप, नागसेन, नुकताच ड्यूटीवरून आला होता. चोवीस वर्षं तो ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे काम करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हातपाय धुतले आणि मग बोलला.

"सही करून टाक."

"बाबा, त्या बाईनं चौदा वर्षं काम केलं तिथं."

"अन् मी चोवीस वर्षं करून राह्यलो. माह्यासमोर एका जणाचा हात गेला होता कोळशाच्या पट्ट्यात. मले विचारलं, टोपी घातली होती का त्यानं. मी म्हनलो, पाह्यलं नाई. घातली होती त्यानं. मी पाह्यलं होतं." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "तू शिकली त्या पगारावर. आता तुले जे वाटते ते कर, पन मले विचारू नको."

तिची आई रुखमा विहारातून आली होती. दारातच उभी राहून ऐकत होती.  तिने नवऱ्याचं ताट वाढलं आणि पाठ फिरवून भाकऱ्या थापत बसली. त्या हाताची गोष्ट तिनेही पहिल्यांदाच ऐकली होती.

नूतनने बुधवारी सकाळी जिल्ह्याच्या कार्यालयाला मेल केला. त्यात सगळं घातलं: आदेशच्या मेसेजचा फोटो, स्वतःचे दोन जुने मेल, बावीस बाइटच्या फाइलींची यादी, आणि आपली ती टीपही. 'ही ओळ मी सांगितली आणि मीच पॅकेजमध्ये टाकली. धोका मला माहीत होता. दुरुस्ती तयार असूनही ती बसवली जाते की नाही याचा पाठपुरावा मी सोडून दिला. केंद्रांवरच्या कोणत्याही ताईची यात चूक नाही.' कोसमीटोल्याच्या एकशे सत्तावीस नावांची यादी टाइप करून तीही जोडली.

दुपारी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला गेला.

ऑगस्टमध्ये गडचिरोलीला चौकशी झाली. नूतनला आत दहा मिनिटं मिळाली. चौकशी करणारे अधिकारी सभ्य होते, थकलेले होते, आणि त्यांना होम फोल्डर म्हणजे काय ते समजून घ्यायचं नव्हतं.

"थोडक्यात सांगा," ते म्हणाले. "ही ओळ नसती तर नोंदी गेल्या असत्या का?"

"नाही. पण..."

"आणि ओळ तुमची."

"हो."

"ठीक." त्यांनी लिहून घेतलं. नावांच्या यादीकडे त्यांनी बोट केलं. "आणि हे काय आहे?"

"धुरपताबाईंना तोंडपाठ असलेले निकाल, सर. सात पेशंट आहेत त्यात. त्यांच्या गोळ्या तरी सुरू राहाव्यात."

"आठवणीवर गोळ्या देता येत नाहीत, मॅडम. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

 त्यांनी यादी फाइलच्या तळाशी ठेवली.

निकाल सप्टेंबरमध्ये आला. माहितीचं नुकसान एका माजी कर्मचाऱ्याच्या तांत्रिक निष्काळजीपणामुळे झालं. केंद्रांवरच्या कार्यकर्त्यांनीही मशीन हाताळताना पुरेशी दक्षता घेतली नाही. पुन्हा तपासणी व्हावी. नऊ नोटिसा मागे घेतल्या गेल्या नाहीत. पुन्हा तपासणीच्या नोंदींचं काम, आधीचा अनुभव असल्यामुळे, आदेशच्या कंपनीला मिळालं. नव्या पॅकेजमध्ये ती ओळ नव्हती. नूतनने मार्चमध्ये दुरुस्त करून दिलेलं तेच पॅकेज होतं ते. फक्त टिपेतलं नाव बदललं होतं.

कोसमीटोल्याचं शिबिर ऑक्टोबरात लागलं. धानकापणी तोंडावर होती. आदल्या दिवशी नूतन स्वतःच्या खर्चाने तिथे गेली. आता ती कोणाची माणूस नव्हती. तिला वाटलं, आपण घरोघरी जाऊन खरं काय ते सांगितलं तर लोक बोट पुढे करतील. निदान धुरपताबाईंवरचा राग तरी जाईल.

धुरपताबाई घरीच होत्या. त्यांनी बसायला चटई दिली, पाणी दिलं. सोबत यायला मात्र त्यांनी नकार दिला.

"पयल्यांदा मी त्यांच्या पाया पडली," त्या म्हणाल्या. "म्हनलं एकदाच टोचाचं हाय, पुन्हा कोनी येनार नाई. आता कोन्या तोंडानं जाऊ? ह्या महिन्यात दोन बाया बाळंत झाल्या, मले बोलावलं नाई कोनी. घरीच केलं. दारासमोरून जातो तर पोरं म्हनतात, रक्तवाली आली."

"मी सांगीन त्यांना. चूक माझी होती म्हणून."

"सांग ना." धुरपताबाईंनी पदराने कपाळ पुसलं. "तुले सांगून मोकळं वाटन. जा, सांगून ये."

नूतन एकटीच गेली. काही दारं तिला पाहून लागली, काही लोकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. पलीकडच्या टोल्यावर दसरू उसेंडी अंगणात शेणाने खळं सारवत होता. बाजूला खाटेवर दिव्यानी पडलेली होती; गुडघ्याला कसला तरी पाला बांधला होता. तिच्या गोळ्या ऑगस्टपासून बंद होत्या, कारण मशीनमधून निघणाऱ्या यादीत तिचं नावच नव्हतं. सप्टेंबरात तिला एकदा गडचिरोलीला न्यावं लागलं होतं. आठ दिवस दवाखान्यात ठेवून परत पाठवली होती.

नूतन उभ्यानेच बोलली. मशीनची चूक नव्हती, धुरपताबाईची नव्हती, माझी होती. मी एक ओळ चुकीच्या जागी टाकायला सांगितली, त्यामुळे सगळं पुसलं गेलं. आता मशीन बरोबर आहे. उद्या एकदा पुन्हा बोट द्या. पोरीसाठी तरी द्या.

दसरूने हात न धुता सगळं ऐकलं. त्याला समजलं नाही असं नव्हतं. तो सावकाश समजून घेत होता.

"चूक तुमची," तो म्हणाला.

"हो, भाऊ."

"मंग बोट आमचं काऊन?"

 तिने खाटेकडे पाहिलं. पोरगी तिच्याकडेच बघत होती.

"पोरीचं तरी..." तिने पुन्हा सुरुवात केली.

"हिल्ले," दसरू गोंडीत म्हणाला. नाही. आणि तो खाली वाकून पुन्हा सारवायला लागला.

दुसऱ्या दिवशी शिबिरात चारशे बारांपैकी अठ्ठावन्न जण आले, त्यातली बरीचशी शाळेतली पोरं होती. मास्तरांनी रांगेने आणलेली. नव्या लॅपटॉपवर नोंदी भराभर होत होत्या. आदेश पांढरा शर्ट घालून टेबलामागे उभा होता. त्याने नूतनला पाहिलं, ओळख दाखवली नाही. दुपारनंतर दसरूची सून दिव्यानीला कडेवर घेऊन आली; सासऱ्याला न सांगता, मागच्या वाटेने. पोरीचं बोट टोचलं तेव्हा ती ओरडली नाही. तिला सवय होती. चिठ्ठी गडचिरोलीला जाईल, पक्का निकाल आला की नाव यादीत लागेल, महिना-दीड महिना जाईल, असं टेबलावरच्या मुलीने सांगितलं.

"पन हिले आजार हाय, हे तं सगळ्यायले माहीत हाय," सून म्हणाली. "गोळ्या आजच द्या ना."

"यादीत नाव लागल्याशिवाय नाही देता येत, ताई."

सुनेने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आली त्या वाटेने निघून गेली. नूतन तिच्यामागे दहा पावलं गेली, मग थांबली. देण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. शाळेच्या ओट्यावर मास्तर उरलेल्या पोरांना हाका मारत होते, आणि एकेक पोरगं आपली मूठ गच्च मिटून रांगेतून पुढे सरकत होतं.